ओरिनचा चिखल

९ फेब्रुवारी २०१६

अध्यक्षीणबाई आर्डिथ यांस,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तुमच्या भेक-बचाव समितीचा शिक्का होता, मधोमध आपल्या चामखिळ्या बेडकाचं चित्र. पोस्टातल्या बाईने तो मला कौतुकाने दाखवला, म्हणाली, "तुमची बहीण रीनोला जाऊनसुद्धा गावाला विसरली नाही." मी म्हटलं, खरंय, तिच्या काही लक्षात राहिलं नसतं तर फार बरं झालं असतं.

तू लिहितेस की वर जाऊन झरा बघून ये. गेले. रविवारी न्याहारी उरकली आणि काठी घेऊन चढले. बाबांनी तुला दिलेला वरचा तुकडा, त्यावरचा तुझा झरा, त्याभोवतीचं तुझं कुंपण. सगळं तुझं आहे, माझे फक्त गुडघे.

कुंपण उत्तम आहे, काळजी नसावी. दर ऑक्टोबरात मी स्वतः तारा ताणते, कुजलेला खांब बदलते. तेरा वर्षांत आत एक खूर पडलेला नाही. गावात म्हणतात, डेल्फाचं मन बघा केवढं मोठं, बहिणीने तिच्या नवऱ्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, तरी ही बहिणीचं कुंपण जपते. मी ऐकून घेते आणि कॉफी पिते.

आता आतली गोष्ट. पाणकणीस माझ्या डोक्यावर हातभर गेलंय. काठीने फाकवून पाहिलं तर ताटलीएवढंसुद्धा उघडं पाणी नाही. वर कुजलेली पानं, खाली काळा गाळ, ऊन कुठे पोचत नाही. भेक एकही नाही. काठावरच्या बिळांच्या तोंडाशी कोळ्यांनी जाळी केली आहेत, म्हणजे त्यांतून कोणी ये-जा करत नाही. तुझ्या त्या वन्यजीव खात्याच्या पोरीने, मारिसेलाने, तुला जे कळवलं ते खरं आहे. सलग तीन वर्षं, अंड्यांची एक माळ नाही. आणि मे महिन्यात तिथे तुझ्या नावाचा दगड बसवायचा आहे. "आर्डिथचं तळं". छान नाव आहे. तळ्याशिवायसुद्धा शोभेल.

शेवटी तू विचारलं आहेस की भेक गेले कुठे. साऱ्या जगात हा भेक आपल्या नदीच्या या चार-पाच कोसांतच आहे, इथून गेला तर कुठेच नाही, वगैरे. हे मला कशाला शिकवतेस? मी इथेच राहते.

भेक माझ्याकडे आहेत. खाली, गाढवं कोंडायच्या वाडग्यात, फुटक्या हौदाखालच्या चिखलात. मोजले नाहीत, पण सकाळी चारा टाकायला जाताना पाय जपून टाकावा लागतो.

तुझी बहीण (कागदोपत्री),
डेल्फा


२६ फेब्रुवारी

आर्डिथ,

फोन करू नकोस. परवा मी उचलला तो चुकून, मला वाटलं घोड्यांचा डॉक्टर आहे. जे म्हणायचं ते लिही. बोललेलं माणूस मागाहून नाकारतो, लिहिलेलं मला खणात ठेवता येतं.

तुझं म्हणणं असं की मारिसेलाने झरा नीट पाहिला आणि तिचं मत पडलं की आत जनावरं सोडायला हवीत. पाणकणीस तुडवलं गेलं पाहिजे, पाणी उघडं पडलं पाहिजे, त्याला ऊन लागलं पाहिजे. भेकाची मादी अंड्यांच्या माळा घालते त्या वीतभर खोल, उघड्या, कोमट पाण्यात. गचपणात ती घालत नाही. खुराने पडलेल्या खळग्यात मात्र घालते. आणि भेकांना कोणी उचलून न्यायला नको, पाणी मोकळं झालं की ते ओलीच्या कडेकडेने आपल्या पायांनी वर येतील. हे तुला सत्तरीला टेकल्यावर एका सव्वीस वर्षांच्या पोरीने सांगितलं. आणि म्हणून तुला माझी गाढवं हवी आहेत.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. ही म्हण मी ऐकली होती, पण घडताना प्रथमच पाहते आहे. पाहून बरं वाटलं हे लपवत नाही.

आता मी सांगते, तू ऐक. माझा ओरिन हेच करत होता. दर वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, माद्या पाण्यावर यायच्या आधी, तो अकरा गाढवं आणि सगळ्या गायी तुझ्या झऱ्यात घालायचा. बाबांच्या वेळेपासून दोन्ही तुकड्यांवर तोच गुरं चारत होता, तेव्हा तुझंमाझं नव्हतं. तीन दिवस आत, चौथ्या दिवशी सगळी बाहेर. मग जून संपेपर्यंत एकाही जनावराला तिकडे फिरकू द्यायचा नाही. कोणी शिकवलं नव्हतं त्याला. खाणीतून आलेला माणूस, आठवी पास. त्याने नुसतं बघितलं होतं, वर्षानुवर्षं.

आणि तू काय बघितलंस? २००३ सालच्या फेब्रुवारीत चार दिवस झऱ्यावर आलीस, टेकडीवरून त्याला काठी घेऊन गाढवं पाण्यात हाकताना पाहिलंस आणि फोटो काढलेस. चिखलात एक चिरडलेला भेक सापडला, तो बरणीत घातलास. मार्चच्या सभेत ती बरणी रांगेरांगेतून फिरवलीस. मोठ्या पडद्यावर ओरिनचा फोटो, गुडघाभर चिखलात, हातात काठी. म्हणालीस, "हा भेक दुर्मीळ प्राण्यांच्या यादीत गेला तर याच्या गुरांचं पाणी बंद होईल, म्हणून हा माणूस यादी व्हायच्या आतच भेक संपवतो आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय." सभागृह खच्चून भरलं होतं. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई बरणी घेऊन बोलते म्हटल्यावर कोण अविश्वास दाखवणार?

ओरिन उभा राहिला आणि एकच वाक्य बोलला, "त्यांना चिखल लागतो." लोक हसले. मग तो बसला.

तो खरं बोलतोय हे मला पक्कं माहीत होतं. तेरा वर्षं माहीत आहे. तुझ्या तारा मी उगीच ताणल्या का? तू सांगितलंस ते मी अक्षर न अक्षर पाळलं, एक खूर आत जाऊ दिला नाही. तुला हवं होतं तेच तुला दिलं, आणि तुझा झरा तुझ्या कुंपणाने मरताना बघत बसले. माझ्याइतकं मन लावून ते कुंपण कोणी सांभाळलं नसतं.

गाढवं मिळतील. माझी अट एकच आहे. तेच सभागृह, महिन्याच्या पहिल्या मंगळवारची सभा, तोच माईक. उभी राहा आणि सांग की ओरिन हॅस्किन्स भेक मारत नव्हता, वाचवत होता, आणि तू त्याला खोटं पाडलंस. पूर्ण नाव घ्यायचं. "काही गैरसमज झाले" असलं गुळमुळीत चालणार नाही.

डेल्फा


१९ मार्च

आर्डिथ,

माळा पडल्या. परवा सकाळी पर्लच्या खुरांच्या खळग्यांत पाहिल्या, काळ्या मण्यांच्या लांबच लांब दोऱ्या, एकेकीत हजारो. पर्ल म्हणजे म्हातारी गाढवी, ओरिनच्या अकरांपैकी तीच एक उरली आहे, बाकीची पाच तिची लेकरं-नातवंडं. गाढवांना मी आता दोरी लावून वरच्या कोपऱ्यात ठेवलं आहे. भेक दिवसा काठाच्या बिळांत बसतात. एक थोराड मादी हौदाच्या पायाशी विटेखाली राहते, पाठीवर पांढरी रेघ, अंगभर चामखिळी, चेहरा आपल्या मिल्ड्रेडमावशीसारखा. तिच्या पोटात खात्याने ओळख पटवायची नंबराची गोळी घातलेली आहे. मारिसेलाने यंत्र फिरवून पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या झऱ्यावर ती गोळी घातली होती. म्हणजे बाई तुझ्याकडून निघून माझ्याकडे राहायला आली.

तुझं पत्र वाचलं. माफी मागितली आहेस, ती मला. मला नको. माझं काय बिघडवलंस तू, मी तर आहे इथे, खातेपिते आहे. ज्याची मागायची तो कबरीत आहे, आणि ज्यांच्या देखत मागायची ते सभागृहात येतात. दगडाखाली छोट्या अक्षरांत ओरिनचं नाव घालायची तुझी सूचनाही वाचली. म्हणजे तुझ्या नावाच्या पायाशी. वा.

त्याचं पुढे काय झालं ते तुला कोणी कळवलं नसेल, तू जूनमध्येच रीनोला गेलीस. कुंपण झालं, पाणी गेलं. हिवाळ्याच्या चाऱ्यासाठी दरीतल्या एकाही माणसाने त्याला रान दिलं नाही. ऑक्टोबरात गायी विकल्या. गाढवं कोणी घेईना म्हणून राहिली. कॅफेत तो रोज सकाळी जायचा, पावासारखी मऊ बिस्किटं आणि रस्सा खायचा, तीस वर्षांची सवय. गल्ल्यावरचा लमार त्याला विचारायचा, "काय ओरिन, आज किती मारलेस?" पहिल्या दिवशी ओरिन हसला. पोरंटोरं "बेडूकमाऱ्या" म्हणायला लागली. एकाने ट्रकच्या दारावर खिळ्याने कोरून ठेवलं. मग तो घरीच न्याहारी करायला लागला. मी बिस्किटं करायचे, तो म्हणायचा, "चांगली झालीत," आणि अर्धी कुत्र्याला घालायचा.

२००६ च्या जानेवारीत वाडग्यात हौदाची गळती बंद करायला गेला आणि तिथेच पडला. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल.

आपल्या भेकाला गळा नाही, हे तू पोरांना शिकवायचीस. बाकीचे बेडूक माद्यांना हाका मारतात, हा मारत नाही. चुकून एका नराने दुसऱ्या नराला धरलं तर तेवढा चिवचिवतो, सोड म्हणून. तेवढंच त्याचं बोलणं. ओरिन तसाच होता. त्याला धरलं तरी तो एवढंच बोलला.

पत्राच्या शेवटच्या पानावर तू एक प्रश्न विचारला आहेस. ते पान मी चुलीत टाकलं. आपण ओरिनबद्दल बोलतो आहोत. सभेत कोण कुठे बसलं होतं आणि कोण काय म्हणालं याची उजळणी करायला तुला कोणी सांगितलेलं नाही. तू तुझं बघ.

पाच एप्रिलला सभा आहे. येतेस की नाही ते लिही.

डेल्फा


८ एप्रिल

आर्डिथ,

आली नाहीस. सभागृहात मी पहिल्या रांगेत बसले होते, नवीन ब्लाउज घालून. त्यांनी कचऱ्याच्या गाडीवर दीड तास चर्चा केली.

खुब्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर चार तास गाडीत बसू देत नाहीत, हे कारण पोचलं. खुबा २००३ सालीही तुझाच होता, तेव्हा टेकडी चढून फोटो काढता आले. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला खुबा लागत नाही. ती जीभ परत खाली आणताना मात्र डॉक्टर आडवे येतात.

इकडची खबर अशी. अंडी फुटली. वाडग्यातला चिखल बेडूकमाशांनी काळा झाला आहे, हात घातला तर बोटांभोवती वळवळतात. महिन्याभरात त्यांना पाय फुटतील, शेपूट जाईल आणि नखाएवढे भेक ओल शोधत निघतील. मारिसेला रोज येते. काल पायरीवर बसून कॉफी पिताना तिने मला समजावलं.

ती म्हणाली, "डेल्फाकाकू, एकाच डबक्यात सगळे आहेत. एका उन्हाळ्यात तुमच्या हौदाच्या पाइपातलं पाणी आटलं, किंवा कोणी त्यात भेकांना खाणारा बुलफ्रॉग आणून सोडला, तर दरीच्या या टोकाचे सगळे भेक एका हंगामात जातील. वरचा झरा कधी आटत नाही. तो उघडला पाहिजे, तोही पोरं निघायच्या आत. तुमच्या बहिणीने कुंपण उघडायला लेखी होकार दिलाय."

मी म्हटलं, "मग उघडा. अडवलं कोणी?"

"गाढवं तुमची आहेत."

"हो, माझीच आहेत."

"यंत्राने पाणकणीस उपटलं तर तळच खरवडून निघेल. परवानग्यांत वर्ष जाईल. गाढवांना तीन दिवस लागतील." मग म्हणाली, "तुम्हाला भेक आवडतात असं मला वाटलं होतं. तुम्ही पाय जपून टाकता."

मी तिला केक दिला आणि विषय बदलला. तिने तो खाल्ला नाही.

मला काय आवडतं हा प्रश्न नाही. पोरीने एक कागद ठेवून दिला आहे, गाढवं वर सोडायला हरकत नाही असा. चमच्यांच्या खणात आहे. सही केलेली नाही आणि तीन मेपर्यंत करणार नाही. तीन मेला पुढची सभा आहे. भेक राहिले तर तुझ्या तोंडून राहतील. गेले तर तेही तुझ्याच तोंडून. सतरा वर्षं तू पोरांना शिकवलंस की एकेक जीव मोलाचा आहे, आता तो किती मोलाचा ते दाखव.

कुबड्या घेऊन ये, खुर्चीत बसून ये. ये.

डेल्फा


४ मे

आर्डिथ,

काल तू आलीस.

तुझी लेक तुला धरून आत आणत होती तेव्हा मी ओळखलंच नाही. तू इतकी लहान कधी झालीस? चालायची चौकट पुढे सरकवत माईकपर्यंत जायला तुला किती वेळ लागला. मी पहिल्या रांगेत होते. कोणी उठून मदत करू लागलं तेव्हा मला राग आला, हे लिहून ठेवते. मला तुला एकटीला चालताना बघायचं होतं.

तू बोललीस. पूर्ण नाव घेतलंस, ओरिन वेस्ली हॅस्किन्स. एक शब्द गुळमुळीत नव्हता. म्हणालीस, "मी टेकडीवरून पाहिलं आणि मला वाटलं मला सगळं समजलं. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. बरणीतला भेक चुकून पायाखाली आला होता, त्याने शेकडो जगवले होते. मी या गावात एका भल्या माणसाला खुनी ठरवलं आणि मग ज्यांना वाचवायचं म्हणत होते त्यांनाच कुंपण घालून मारलं." मी इतकी वर्षं या वाक्यांची वाट पाहिली होती, रात्री उशाला घेऊन झोपले होते. शब्द मी ठरवले होते त्यापेक्षा चांगले होते.

आणि मग काय झालं? काही झालं नाही. मी मागे वळून पाहिलं. चौदा माणसं. लमार चार वर्षांपूर्वी वारला. बरणी हातात घेतलेले अर्धेअधिक कबरस्तानात आहेत, उरलेले मुलांकडे लास व्हेगासला. मोटेलवाला नवा, दवाखान्यातली बाई नवी, ते सायकलींचं दुकान काढलेलं जोडपं तर गेल्या वर्षी आलेलं. ते सगळे सभ्यपणे ऐकत होते, कोणाच्या तरी आजोबांची गोष्ट ऐकावी तसे. सायकलवाल्याने बायकोला हळूच विचारलं, "ओरिन कोण?" तिने खांदे उडवले. मला त्या खोलीत कोणाची तरी मान खाली गेलेली बघायची होती. खाली घालायला त्या माना तिथे नव्हत्याच.

मग त्या सायकलवाल्यानेच हात वर केला. वाईट मुलगा नाही तो. त्याने विचारलं, "पण त्या दिवशी त्यांच्या बाजूने कोणीच बोललं नाही? घरचं कोणी नव्हतं का?"

आर्डिथ, तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुला पाहिलं. तुझ्या पत्राचं जे पान मी चुलीत टाकलं त्यावर हाच प्रश्न होता: त्या दिवशी तू का नाही बोललीस, डेल्फा? उत्तर तुला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. "बायको शेजारीच बसली होती, ती गप्प राहिली." मी तुझ्या जागी असते तर बोलले असते. तुला इतका त्रास दिला, खुब्यासकट चार तास गाडीत घातलं, तू एका वाक्यात फिटंफाट करू शकली असतीस.

तू म्हणालीस, "त्याची बायको बोलायला उठली होती. मीच बोलू दिलं नाही. माईक माझ्या हातात होता."

नंतर सगळे कॉफीकडे वळले तेव्हा मी निघून आले. तू हाक मारलीस, मी थांबले नाही. लेकीने तुला सांगितलं असेल की मावशी अजून रागात आहे. आहेच. पण आता कोणावर ते मला सांगता येत नाही, म्हणून रात्रभर जागून हे लिहिते आहे.

मी उठले नव्हते. मला कोणी अडवलं नव्हतं. आणि तुला २६ फेब्रुवारीला लिहिलं ते खोटं आहे, तो खरं बोलतोय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी त्याला विचारलं होतं, "दर वर्षी गाढवं कशाला घालतोस त्या पाण्यात?" तो म्हणाला, "त्यांना चिखल लागतो." मला वाटलं, टाळतोय. मला वाटलं, आर्डिथ कॉलेजात शिकली आहे, फोटो आहेत, बरणी आहे, तिला माहीत असेल. मी माझ्या नवऱ्यावर विश्वास ठेवला नाही, कारण तो आठवी पास होता. तीन वर्षं त्याच्यासाठी बिस्किटं केली आणि एकदाही म्हणाले नाही की मला वाटतं तू निर्दोष आहेस. तो गेल्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात, त्याने अर्धवट टाकलेल्या गळतीच्या चिखलात, गाढवांच्या खुरांच्या खळग्यांत, मी अंड्यांची पहिली माळ पाहिली. तिथे खाली बसले आणि मला कळलं. त्याला सांगायला सव्वा वर्ष उशीर झाला होता.

त्या दिवसापासून मी तुझं कुंपण जास्त घट्ट ताणायला लागले. कोणाला तरी शिक्षा व्हायलाच हवी होती, आणि तू लांब होतीस, सोयीची होतीस.

गाढवं आज सकाळीच वर सोडली. सही केलेला कागद मारिसेलाने नेला. ती पक्कड घेऊन आली होती, पण तारा मीच कापल्या, कुठली तार कशी ताणली आहे ते मलाच ठाऊक. पर्ल आधी उंबऱ्यावर थबकल्यासारखी उभी राहिली, मग सरळ पाणकणसात घुसली आणि बाकीची तिच्यामागे. दुपारपर्यंत टेबलाएवढं पाणी उघडं झालं. मारिसेला म्हणते, थोडं उशिरा झालं, पण पोरं निघतील तेव्हा ओल वरपर्यंत पोचलेली असेल. यंदा नाही तर पुढच्या वर्षी माळा दिसतील.

सात जूनला पुढची सभा आहे. मी बोलणार आहे. तुला यायचं असेल तर ये, नसेल तर राहू दे, खुब्याला त्रास होईल. पण आलीस तर समोर बसू नकोस. मागे कुठेतरी बस. मला समोर बघून बोलता आलं पाहिजे.

एक गोष्ट तुला माहीत नाही, कारण तू पडद्याकडे तोंड करून उभी होतीस. तू त्याचा फोटो दाखवत होतीस तेव्हा सगळं गाव ओरिनकडे बघत होतं, आणि तो एकदाही तुझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

डेल्फा